सातवीच्या ज्वालामुखी प्रोजेक्टला सोडा-व्हिनेगर सोडून काय करता येईल? आम्ही पुण्यात राहतो

तुमचा मुलगा सातवीत, शाळेने ज्वालामुखीची माहिती आणि मॉडेल दोन्ही सांगितलंय, हातात दहा दिवस, आणि सगळे करतात तो फेसाचा डोंगर नकोय. लेकीपायी मी या दोन्ही वाटांनी जाऊन आलेय, म्हणून सांगते.

लेक पाचवीत असताना आम्हीही शंकूच केला होता. बाटलीभोवती कागदाचा लगदा, वरून तपकिरी रंग, आत खाण्याचा सोडा आणि लाल रंगाचं व्हिनेगर. शाळेत तिसऱ्यांदा उद्रेक दाखवेपर्यंत लगदा भिजून खाली बसला आणि लाल ओघळ बाईंच्या हजेरीपटापर्यंत गेला. त्याचं एवढं काही नाही. पण बाईंनी विचारलं, "हा कुठला ज्वालामुखी गं?" आणि लेक गप्प. मी शेजारीच उभी, मीही गप्प.

शिवाय त्या फेसाचा खऱ्या उद्रेकाशी फारसा संबंध नाही. शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या दगडात, वाफ आणि इतर वायू विरघळलेले असतात. रस वर येतो, दाब कमी होतो, वायू फुगून बाहेर पडू बघतो. सोडावॉटरची बाटली उघडल्यावर होतं तेच. मुलाला एवढंच दाखवायचं असेल तर एक बाटली पुरे, व्हिनेगर कशाला?

आता मुद्दा. तुम्ही पुण्यात राहता, मग ज्वालामुखी बाहेरून कशाला आणायचा? आपण लाव्ह्यावरच राहतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडून बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा, लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. आज उरलेला दख्खनचा पाषाण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर आहे. अख्खा महाराष्ट्र ३ लाखांच्या आसपास, म्हणजे अंदाज करा. हा पातळ लाव्हा पाण्यासारखा दूरवर वाहतो, त्याचा शंकू होत नाही. भूगोलाच्या पुस्तकात याला भेगी ज्वालामुखी म्हणतात. असं खरंच होतं का, असं मुलाने विचारलं तर १७८३ सालचं आइसलँडमधलं लाकी सांगा. सुमारे २५ किलोमीटरची भेग आणि आठ महिने चाललेला उद्रेक.

मॉडेल करायच्या आधी एक सकाळ वेताळ टेकडीवर घालवा. तिथल्या जुन्या दगडखाणीत कापलेला कातळ समोर दिसतो. काठापासून लांबूनच बघा, फोडाफोडी नको. वाटेवरचे सुटे दगड हातात घेतले तरी पुष्कळ सापडतं. एका दगडाला मसुराएवढी भोकं होती, काही रिकामी, काहींत पांढरे चकचकीत स्फटिक. भोकं म्हणजे लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे, आणि त्यांत पाण्याने पुढे आणून भरलेली खनिजं. वाघोलीच्या खाणींत अशा पोकळ्यांमध्ये कॅव्हनसाइट नावाचं निळंभोर खनिज मिळतं, जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. घरी पाटा-वरवंटा असेल तर तोही बहुधा याच काळ्या दगडाचा. लेकीने तक्त्यावर आजीच्या पाट्याचा फोटो लावला होता, आणि लोक सगळ्यात जास्त थांबले ते त्याच फोटोपाशी.

मॉडेल असं. बुटांचं मोठं खोकं घ्या, आतून प्लॅस्टिकचा कागद लावा. तळाशी शाडूची उंचसखल जमीन करा. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस घावनाच्या पिठाइतकं पातळ करून, त्यात कोळशाची पूड किंवा काळा पोस्टर कलर घालून ओता. पहिला थर खड्डे भरतो, दुसऱ्यापासून सपाट पसरायला लागतो, आणि भेगी ज्वालामुखी म्हणजे काय ते मुलाला तिथेच कळतं. थर अर्धवट घट्ट झाला की वरच्या बाजूला टूथपिकने भोकं पाडा, चार भोकांत तुरटीचे कण भरा. पुढचा थर ओतण्याआधी गेरू भुरभुरवा. घाटात रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात काळ्या दगडांमध्ये लाल पट्टा दिसतो ना, तोच हा. एका उद्रेकानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये पुरेसा वेळ गेला, वरचा दगड झिजून माती झाली, त्याची ती खूण. आम्ही तीन संध्याकाळी मिळून सात थर दिले.

आमची हौस म्हणजे रस खालूनच आला पाहिजे. म्हणून शाडूत नळी पुरून मोठ्या सिरिंजने प्लास्टर ढकललं. दुसऱ्याच थराला नळी तुंबली. मग पुठ्ठ्याला लांब चीर पाडून वरूनच ओतलं आणि "प्रत्यक्षात लाव्हा खालून येतो" अशी चिठ्ठी सरळ चिकटवली. उरलेलं प्लास्टर मात्र मोरीत ओतू नका. आमच्याकडे प्लंबर येऊन गेला. आणि घट्ट होताना ते चांगलंच तापतं, त्यात हात बुडवून ठेवू देऊ नका.

चौथ्या दिवशी खोक्याची एक बाजू फाडली की आत काळे-लाल पट्टे दिसतात. त्यानंतरचं काम सगळ्यात मजेचं. जुनी सुरी घेऊन वरून नदीची दरी कोरायची. दोन बाजूंनी कोरलं की मध्ये जे उभं राहतं तो आपला डोंगर. सिंहगड ज्वालामुखी होता का, असं प्रदर्शनात निम्म्या पालकांनी विचारलं. नव्हता. तो थरांच्या ढिगातून नद्या-ओढ्यांनी कोरून मागे ठेवलेला तुकडा आहे. खडकवासल्याकडून बघा, अंगावर पायऱ्या दिसतात. भूवैज्ञानिक याला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्दच स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आलाय.

लेखी भागाला दोन गोष्टी पुरेत. भारतातला आजचा जागृत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे, दीडेक शतक शांत राहून तो १९९१ मध्ये पुन्हा फुटला. दुसरी गोष्ट आपल्याच जिल्ह्यातली. जुन्नरकडे बोरी गावाजवळ कुकडीच्या काठी ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडलाय, आणि ती राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे समुद्र ओलांडून आलेली. लोणार मात्र यादीत घालू नका. ते विवर उल्केच्या आघाताने झालंय, फक्त ज्या दगडात पडलंय तो दगड लाव्ह्याचा. आमच्या तक्त्यावर ते आधी होतं, शेवटच्या रात्री खोडलं.

एक राहिलं. हे मॉडेल भलतंच जड होतं. व्हॅनवाल्या काकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, आणि खोक्याखाली लाकडी फळी घ्या. आमचं अजून बाल्कनीत आहे, त्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय.