आई बोलली तसंच लिही

कुडाळ, शनिवार रात्र

अगं डॉक्टरीणबाई,

पीडियाट्रिक्सची, म्हणजे बालरोगाची, सीट मिळाली हे तुझ्या आईने भर बाजारात बांगडे घेता घेता सांगितलं, कोळणीलाही सांगून झालं होतं. तुला पोलिओचे थेंब मीच पाजलेत, तेव्हा माझ्या बोटाला चावली होतीस.

आता तीन वर्षं. पुस्तकं कुठली, कुठल्या सरांचा राऊंड कसा, ते सिनियर सांगतीलच. मी सांगतोय ते बहुतेक कोणी सांगणार नाही. आजारी पोराची आई जे बोलते ते केसपेपरवर पहिल्या ओळीत तिच्याच शब्दात लिहायचं, आणि मग खाली तुमचं इंग्रजी काय ते.

मी फर्स्ट इयरला मुंबईत होतो. रात्री दोन वाजता आपल्याकडचीच एक बाई आली, नवरा मिलमध्ये, बाळ नऊ दिवसांचं. म्हणाली, "झील कालपासून दूद पिणा नाय, गप पडान आसा." मला शब्द न् शब्द कळला, आणि तरी मी लिहिलं काय, तर फीडिंग प्रॉब्लेम, ताप नाही. पाजायचं कसं ते शिकवून तिला बाकावर बसवून ठेवली. सकाळी मॅडमनी बाळाच्या पायाला हात लावला, पाय थंडगार. सेप्सिस होतं, जंतुसंसर्ग अंगभर पसरलेला. एवढ्या लहान बाळाला ताप येतोच असं नाही, उलट अंग गार पडतं, हे मला परीक्षेत लिहिता आलं असतं. बाळ वाचलं, पण ते "गप पडान आसा" मी कागदावर उतरवलं असतं तर ते वाचून माझा मलाच धक्का बसला असता असं आजही वाटतं. मालवणी लिहायची लाज वाटली, दुसरं काही नाही.

इकडे आल्यावर उलटा अनुभव. मे महिना, घराचं काम चाललेलं, चिऱ्यांचा ढीग अंगणात, चार वर्षांची पोरगी रडत आणली. आई म्हणाली, "घामान भिजली आणि हातपाय बर्फासारखे." एवढंच. विंचू कोणी बघितलाच नव्हता. पण घाम आणि थंड हातपाय एकत्र म्हटल्यावर माझ्या डोक्यात पहिला लाल विंचूच आला, शोधलं तर पायाच्या बोटापाशी बारीकसा ठिपका. वजन केलं, किलोला ३० मायक्रोग्रॅमच्या हिशोबाने प्राझोसिन दिलं आणि रात्रभर तिच्याजवळ बसलो. हे औषध खरं ब्लडप्रेशरचं, विंचवाला ते वापरायला शिकवलं महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी, त्याआधी आपल्याकडे अशी पोरं फुप्फुसात पाणी भरून जायची. त्यांना २०२२ ला पद्मश्री मिळाली. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बसून त्यांनी हे काम सुरू केलं. कुठलं आयसीयू नि कुठलं काय. तुझ्या वॉर्डात मॉनिटर बंद पडला म्हणून कुरकुर सुरू झाली की हे आठव.

मॉनिटरवरून आठवलं, श्वास स्वतः मोज. कपडे वर करून, घड्याळ हातात धरून पूर्ण एक मिनिट, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, बाळांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतलं ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतचं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद, हे आकडे झोपेतही आले पाहिजेत. आणि रडतंय तेव्हा मोजू नको, आधी आईला पाजू दे.

जुलाबाच्या पोराला ओआरएस देतोय असं आई म्हणाली की लगेच टिक मारू नको, विचार कशात कालवलं. पाकीट एक लिटरचं, आणि आपल्याकडे अख्खं पाकीट एका पेल्यात ओतणारे निघतात, चांगलं कडक व्हावं म्हणून! त्याने सोडियम वाढून पोर आणखी बिघडतं. पेला कसला, तांब्या केवढा, तेही लिही. सिनियर हसतील. हसू देत.

आणि हो, रात्री शंका आली तर सिनियरला उठव. ओरडतील, शिव्या घालतील, पण उठव. "मला हे बाळ बरं दिसत नाहीये" एवढं कारण पुरतं, रिपोर्टची वाट बघायची नाही. झोप मिळेल तिथे झोप, पाणी पी, लघवीला जायचं टाळू नको, आमच्या बॅचच्या मुलींनी ते फार भोगलंय.

पुढे तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावे लागतात, बरेच जण ती सुट्टी समजतात. तू तशी समजू नको, जमलं तर पावसाळ्यात घे, लेप्टोस्पायरोसिसचा ताप, फुरसं चावलेले, न्यूमोनिया सगळं एकाच ओपीडीत बघायला मिळेल.

गणपतीत पहिल्या वर्षी सुट्टी मिळणार नाही हे आईला आत्ताच सांग. तिने मोदकांचा नारळ आतापासून बाजूला काढलाय, मला दाखवला.

तुझा,
डॉक्टरकाका