पहिल्या फ्लॅटचं सामान बांधताना

भाऊ, पहिल्यांदाच घर बदलतोयस, तर सध्या एवढंच सांभाळ. बाकी हळूहळू येतं.

खोके विकत घेऊ नकोस. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या किराणावाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेव, बिस्किटांचे रिकामे खोके मिळतात. पुस्तकं लहान खोक्यातच भर. मी मोठा भरला होता. जिन्यातच बूड फाटलं आणि दोन मजले गाइडं वेचत बसलो.

कूलरची टाकी आदल्या दिवशीच रिकामी कर, ताट्या (बाजूच्या गवताच्या जाळ्या) काढून उन्हात वाळव. नवशिके हेच हमखास विसरतात, मग गाडीत पाणी सांडून गादी भिजते.

छोटा हत्ती (सामानाचा छोटा टेम्पो) भरताना:
– जड सामान खाली, केबिनला लागून. काचेच्या वस्तूंना गादीचा टेकू.
– फ्रिज उभाच. पोचल्यावर दोन-तीन तास तरी चालू करू नको.
– दोर स्वतः ओढून बघ.

मे महिन्यात हलणार असशील तर गाडी सकाळी 6 ला बोलाव. दुपारी 45 अंशांत कपाट चढवायला हमाल कुरकुरतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

चार्जर, चादर, लायटर, पाण्याची बाटली वेगळ्या पिशवीत. ती पिशवी गाडीत नाही, तुझ्या मांडीवर.