अद्भुतकथा लिहिणाऱ्या मुलीच्या आईस

सप्रेम नमस्कार.

मिरजेहून आलेले आपले पत्र आणि सोबतची तीन प्रकरणे मी दोनदा वाचली. आपली मुलगी वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षात आहे, दोन वर्षांपासून मराठीत फँटसी कादंबरी लिहीत आहे आणि आता शिक्षण सोडून पूर्णवेळ स्वतंत्र लेखिका व्हायचे म्हणते. पुस्तक छापून देण्यासाठी एका संस्थेने तिच्याकडे ६५,००० रुपये मागितले आहेत. तिला अडवावे की पाठबळ द्यावे, असे आपण विचारले आहे. लेखनाला मनापासून पाठबळ द्यावे, पदवी पूर्ण करून घ्यावी आणि ते ६५,००० रुपये मात्र देऊ नयेत, असे माझे मत आहे.

आधी लेखनाबद्दल लिहितो, कारण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे. तानपुऱ्याच्या भोपळ्यात दिवंगत गायकांचा आवाज साठून राहतो आणि जवारी लावणारा, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद जुळवणारा, कारागीर तो मोकळा करताना दर वेळी स्वतःच्या गळ्यातला एक स्वर गमावतो, ही कल्पना सतारमेकर गल्लीच्या आसपास वाढलेल्या मुलीलाच सुचावी. घोडीवर कानस फिरवणाऱ्या हातांचे तिने केलेले वर्णन पाहून लिहिलेले आहे, आणि ते वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली. तिसऱ्या प्रकरणात मात्र बर्फाळ कड्यावरचा किल्ला आणि आग ओकणारा ड्रॅगन येतो, तिथे तिची भाषा एकदम परकी होते. त्याहून गंभीर चूक अशी की तिथे नायिका तो आवाज मोकळा करते आणि तिचा एकही स्वर जात नाही. अद्भुतकथेचा वाचक अशक्य गोष्ट आनंदाने मान्य करतो, पण लेखकाने स्वतःच घालून दिलेला नियम सोयीसाठी मोडला, तर त्याचा त्या जगावरचा विश्वास उडतो. हे तिला सांगा, आणि दुर्गा भागवत व रा. चिं. ढेरे यांचे लोकसाहित्यावरचे आणि लोकदैवतांवरचे लेखन तिच्या हाती द्या. ड्रॅगनाची उणीव तिला भासणार नाही.

पत्रात आपण ‘मराठीत असले कोण वाचते’ असेही लिहिले आहे. गुणाढ्याचा बृहत्कथा हा प्राचीन कथाग्रंथ परंपरेने सातवाहनांच्या म्हणजे आपल्या पैठणच्या राजदरबाराशी जोडला जातो. अकराव्या शतकात सोमदेवाने कथासरित्सागरात सांगितलेली कथा अशी, की सात लाख श्लोकांचा तो ग्रंथ ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेत आहे म्हणून राजाने नाकारला, तेव्हा गुणाढ्य अरण्यात एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला, आणि राजाला पश्चात्ताप होईपर्यंत एकच लाख श्लोक उरले होते. दंतकथा असली, तरी दरबारची मान्यता नसलेल्या भाषेत अद्भुत सांगण्याची आस या मातीत किती जुनी आहे, हे तिच्यातून दिसते. छापील मराठी कादंबरीचा आरंभकाळही १८६१ पासून अद्भुतरम्य कादंबऱ्यांनीच गाजवला.

आता उदरनिर्वाहाकडे वळतो. मराठीत नव्या लेखकाची पहिली आवृत्ती बहुधा ५०० ते १,००० प्रतींची निघते. ३०० रुपये किमतीच्या हजार प्रती संपल्या आणि १० टक्के मानधन मिळाले, तर हाती ३०,००० रुपये येतात, आणि त्या प्रती संपायलाही काही वर्षे लागू शकतात. स्वतः छापल्यास मानधनाऐवजी नफा मिळतो खरा, पण वितरक आणि विक्रेते यांना मिळून ४०-५० टक्के सूट द्यावी लागते आणि गठ्ठे घरात राहतात. पौराणिक अद्भुतकथा इंग्रजीत लिहिणारे अमीश त्रिपाठी यांचे पहिले पुस्तक अनेक प्रकाशकांनी नाकारले. २०१० साली ते त्यांच्या साहित्यिक प्रतिनिधीने छापले आणि प्रसाराचे काम त्यांनी स्वतः अंगावर घेतले. पहिले प्रकरण दुकानांतून विनामूल्य वाटले गेले. या सर्व काळात ते वित्तक्षेत्रात नोकरी करत होते, आणि पुस्तकांचे उत्पन्न पगाराहून मोठे झाल्यावरच त्यांनी ती सोडली. अमेरिकेतील फँटसी लेखक ब्रँडन सँडरसन यांनी २०२२ साली किकस्टार्टर या निधी जमवण्याच्या संकेतस्थळावर वाचकांकडून ४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम उभी केली, हा दाखला आपल्या मुलीने दिला आहे; परंतु २००५ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पहिले पुस्तक हे त्यांनी लिहिलेले सहावे होते आणि त्याआधीच्या लेखनाच्या वर्षांत ते हॉटेलात रात्रपाळी करत असत, हेही तिने वाचावे. पदवीचा आग्रह मी यासाठीच धरतो. तिला अशी नोकरी हवी की जी दिवसातले दोन चांगले तास लेखनासाठी शिल्लक ठेवील, आणि वाणिज्य शाखेची पदवी असली की तशी नोकरी निवडण्याला वाव राहतो. स्वतःचे प्रकाशन पुढे चालवायचे झाले, तर हिशेबाचे शिक्षणही वाया जात नाही.

त्या संस्थेबद्दल स्पष्ट लिहितो. लेखकाकडून पैसे घेऊन वर छपाई, ध्वनिपुस्तक, भाषांतर आणि चित्रपट असे सर्व हक्क मागणारा करार करू नये. लेखन पूर्ण होताच कॉपीराइट लेखकाचाच असतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखी असावे लागते आणि करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. त्या संस्थेने ज्यासाठी वेगळे ४,००० रुपये लावले आहेत, तो आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून लेखकाला स्वतः अर्ज करून विनामूल्य मिळतो. खर्च करायचाच असेल, तर एखाद्या जाणत्या संपादकावर आणि मुद्रितशोधनावर करावा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिची चालू नियमावली मंडळाकडून मागवून घ्यावी. मराठी ई-पुस्तक किंडलवर स्वतः प्रसिद्ध करता येते, मात्र तिथल्या सिलेक्ट योजनेत नाव घातले तर ९० दिवस ते ई-पुस्तक इतरत्र देता येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

याच जगातल्या दोन-तीन लघुकथा तिने आधी लिहाव्यात आणि दिवाळी अंकांकडे पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पाठवाव्यात, कारण अंकांची जुळवाजुळव तेव्हाच चालू असते. अनोळखी संपादकाचे उत्तर येणे किंवा न येणे, हा अनुभव तिला कादंबरीच्या आधी मिळायला हवा.

तिसरे प्रकरण ड्रॅगनाशिवाय, आणि त्या स्वराची किंमत मोजून, तिने पुन्हा लिहिले की मला अवश्य पाठवावे. त्या संस्थेच्या करारनाम्याची प्रतही सोबत असू द्यावी. तोवर कुणीही त्यावर सही करू नये.