रिव्हर्ब वाढवून साठच्या दशकातला सायकेडेलिक फील का येत नाही

ट्रान्स (इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत) ट्रॅकवर रिव्हर्ब (घुमारा) आणि फेझर (आवाज लाटांसारखा फिरवणारा इफेक्ट) कितीही चढवला तरी तो जुना फील येत नाही, असं तुम्ही लिहिलंय. येणारही नाही. तो आवाज इफेक्टमधून कमी आणि टेपमधून जास्त आलाय.

बीटल्सचं 1966 मधलं 'टुमॉरो नेव्हर नोज' घ्या. पाच टेप लूप (टोकं जोडून गोल फिरत राहणारे टेपचे तुकडे) वेगवेगळ्या मशीनवर एकाच वेळी फिरत होते आणि मिक्सरचे फेडर (आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकत्या पट्ट्या) हातांनी वरखाली होत होते. केमिकल ब्रदर्सच्या 1996 मधल्या 'सेटिंग सन'मध्ये याच गाण्याची सावली स्पष्ट ऐकू येते.

तर आधी तुमच्या सॉफ्टवेअरमधलं वॉर्प (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) बंद करा. वेग बदलला की सूरही बदलला पाहिजे: निम्मा वेग म्हणजे एक सप्तक खाली, दीडपट म्हणजे साधारण सात सेमीटोन वर. मग चार-पाच लूप 3.1, 4.7, 5.9, 7.3 सेकंद अशा न जुळणाऱ्या लांबीचे कापा. 120 बीपीएमला (मिनिटाला 120 ठोके) चार ठोक्यांचा एक बार बरोबर 2 सेकंदांचा असतो. सगळे लूप त्याच्या पटीत बसवले की आठ बारांत कानाला पॅटर्न कळतो आणि मजा संपते. ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या ठोक्यांच्या रेघांवर) फक्त ड्रम ठेवा.

लूपचा शेवट सुरुवातीला मिळतो त्या जोडावर टिक् येत असेल तर 15 ते 20 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज विरत असताना दुसरा चढवणं) द्या. हा आकडा हवेतला नाही. पाव इंची टेप 45 अंशांत कापली आणि सेकंदाला 15 इंच वेगाने फिरवली, तर जोड साधारण 17 मिलिसेकंद पसरतो.

लूपचा 200 हर्ट्झखालचा भाग काढून टाका, नाहीतर किक (ड्रमचा खालचा जाड ठोका) चिखलात जाते. एका वेळी दोन-तीनच लूप ऐकू येऊ द्या आणि फेडरचं ऑटोमेशन (सॉफ्टवेअरमध्ये नोंदलेली हालचाल) एका दमात हाताने रेकॉर्ड करा. माउसने रेघा ओढल्या की सगळं इस्त्री केल्यासारखं सपाट होतं (मिडी कंट्रोलर, म्हणजे सॉफ्टवेअर चालवणारा खऱ्या फेडरांचा बोर्ड, नसेल तर स्वस्तातला घ्या, प्लगइनपेक्षा जास्त उपयोग होईल).

कॉर्ड बदलू नका. 'टुमॉरो नेव्हर नोज'मध्ये तंबोऱ्यासह जवळपास सगळं 'सी'वर उभं आहे, म्हणून भलतेसलते लूपही खपून जातात. गोवा ट्रान्सही बहुतेक वेळा एकाच मूळ स्वरावर चालतो, त्यामुळे तुम्हाला हे जड जाणार नाही.

गायकाच्या आवाजाला लेझली (फिरत्या स्पीकरचा, वर हॉर्न आणि खाली रोटर असलेला) प्लगइन लावणार असाल तर एकाच वेगावर सोडू नका. हॉर्नचा संथ वेग मिनिटाला साधारण 40-50 फेरे, जलद 400 च्या आसपास. खरी गंमत मधल्या संक्रमणात आहे: हॉर्न पटकन वेग घेतो, खालचा जड रोटर मागे रेंगाळतो. संथ-जलद स्विच गाण्याच्या ओळीच्या शेवटी ऑटोमेट करा, मधल्या शब्दावर नको.