जुनी ऑस्टिन सेव्हन : सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : १९२०च्या दशकातील ऑस्टिन सेव्हन पुन्हा चालती करायची आहे. आधी काय तपासावे? आणि या छोट्या गाडीला एवढे महत्त्व का?

उत्तर : ब्रिटिश मोटार उत्पादक हर्बर्ट ऑस्टिन यांनी बर्मिंगहॅमजवळच्या आपल्या घरातील बिलियर्ड्सच्या खोलीत, स्टॅन्ले एज या अवघ्या १८ वर्षांच्या आरेखकाला हाताशी धरून तिचे आराखडे केले आणि १९२२मध्ये ती लोकांसमोर आणली. मोटरसायकलला जोडलेल्या साइडकारमध्ये कुटुंब बसवून फिरणाऱ्या ब्रिटिश माणसाला तिने चारही चाकांना ब्रेक असलेली खरीखुरी मोटार दिली. पुढे बीएमडब्ल्यूची पहिली मोटारही हिच्याच परवान्यावर आधारलेली होती.

रंगकामाची घाई मुळीच करू नका. आधी इंजिन उघडा. या काळातील क्रँकशाफ्ट (पिस्टनची वर-खाली हालचाल गोल फिरण्यात बदलणारा इंजिनातील दांडा) केवळ दोन बेअरिंगांवर फिरत असल्याने वेगात लवतो व त्याला डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. म्हणून त्याची चुंबकीय चाचणी (चुंबकाच्या साहाय्याने बारीक तडे शोधण्याची तपासणी) करून घ्यावी. जेटमधून (तेल उडवणाऱ्या बारीक तोंडातून) उडणारे तेल क्रँकशाफ्टच्या आतील बारीक मार्गांनी बिग-एंड बेअरिंगांपर्यंत (पिस्टनचे दांडे क्रँकशाफ्टला जोडणाऱ्या बेअरिंगांपर्यंत) पोहोचते, आणि ते मार्ग वर्षानुवर्षांच्या गाळाने बुजलेले असतात. ते साफ न करता इंजिन सुरू करणे म्हणजे बेअरिंग गमावणेच. बॉडीच्या पत्र्याआडची अॅश लाकडाची चौकट मात्र शक्य तितकी मूळचीच राखा; कुजलेला भाग तेवढाच कापून नवा जोड बसवावा.