डन्जन्स अँड ड्रॅगन्स या भूमिका घेऊन, फासे टाकून खेळायच्या खेळात ड्युएरगर जमात नुसती 'दुष्ट' न वाटता खरी वाटावी, यासाठी डीएमने (गोष्ट चालवणाऱ्याने) काय करावं?

तुमचं कॅम्पेन, म्हणजे बरेच दिवस चालणारी खेळातली गोष्ट, जमिनीखालच्या जगात, अंडरडार्कमध्ये पोचलंय. पुस्तकात ड्युएरगर, म्हणजे करडे ड्वार्फ, 'दुष्ट' म्हणून दिलेत. आणि तुमचे खेळाडू ड्युएरगर दिसला की हाणायला लागतात, पुढे काही घडतच नाही, असं तुम्ही लिहिलंय, आणि आख्खी जमात दुष्ट असू शकते का, असंही विचारलंय. माझंही अगदी हेच झालं होतं.

आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत रविवारी खेळतो, डीएम मी असतो. ड्युएरगर पहिल्यांदा आणले तेव्हा त्यांच्या शहराच्या वेशीवर चौकी ठेवली होती, त्यात सहा पहारेकरी. चहा येईपर्यंत सहाही मेले. फासे गोळा करताना माझी भाची, आमच्यातली सगळ्यात लहान खेळाडू, म्हणाली, "मामा, यांची पोरं कुठंयत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढचे दोन आठवडे मी तेच शोधत होतो, आणि खाली जे लिहितोय ते त्यातूनच आलंय.

आधी त्यांची हकिकत मनात मुरू द्या. ड्युएरगर मुळात ड्वार्फच. हावेपायी खणत खणत फार खोल गेले आणि माइंड फ्लेयरांच्या, म्हणजे मनावर ताबा मिळवणाऱ्या राक्षसांच्या, तावडीत सापडले. पिढ्यानपिढ्या गुलामीत गेल्या. शेवटी त्यांनी सुटका करून घेतली, आणि मग स्वतःच गुलाम पकडायला लागले. त्यांचा दुष्टपणा इथे आहे, रक्तात नाही. ज्याने मार खाल्ला त्यानेच तो चाबूक उचलला. आपले भाऊबंद सोडवायला आले नाहीत, हा राग त्यांनी जपून ठेवलाय. भाऊबंदकीतला राग किती पिढ्या टिकतो हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता टेबलावर हे दाखवायचं कसं? लांबलचक इतिहास ऐकवू नका, कोणी ऐकत नाही. एक वस्तू दाखवा.

ड्युएरगर उत्तम कारागीर आहेत, पण त्यांच्या कामात नक्षी नसते. वस्तू मजबूत, धारदार, कामाला चोख, बस्स. शोभा नाही, हौस नाही. हे वाचल्यावर मला आमच्या आजीचा तांब्या आठवला. जुन्या नाशकातल्या तांबटाकडून घेतलेला. अंगावर मठारकामाचे ठोके, एकाला एक लागून, प्रकाशात प्रत्येक ठोका वेगळा चमकतो. गळ्याशी आजीचं नाव घातलंय, टिंबाटिंबांनी, आणि त्यातलं शेवटचं अक्षर जागा पुरली नाही म्हणून जरा वर चढलंय. तो तांब्या मी पुढच्या रविवारी टेबलाच्या मधोमध ठेवला. सगळ्यांनी हातात घेऊन बघितला. मग म्हटलं, "तुम्हाला कोठारात असेच चारशे तांबे दिसतात. घडण याच्यापेक्षा सरस. एकावरही ठोका दिसत नाही, एकावरही नाव नाही." खोलीत कोणी बोललं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा आमच्या लढवय्याने तलवार काढण्याऐवजी विचारलं, "हे करणारे कोण आहेत?"

याला नियमांचाही आधार आहे, तो वापरा. ड्युएरगरला १२० फुटांपर्यंत डार्कव्हिजन, म्हणजे अंधारात बघण्याची शक्ती, असते, पण डार्कव्हिजनमध्ये रंग कळत नाहीत, फक्त करड्या छटा. म्हणजे भट्टीपासून चार पावलं लांब गेलं की त्यांच्यासाठी तांबं आणि लोखंड एकाच रंगाचं. आमच्या कॅम्पेनमध्ये मी असं केलं की कैदी कारागिरांकडून भट्टीवर काम करून घेतात, आणि लाल झालेला धातू बघायला मिळतो म्हणून तरुण ड्युएरगर तिथे पहारा मागून घेतात. ही भर माझी, पुस्तकातली नाही. तुम्हाला हवी तर घ्या.

उजेडाचंही तसंच. उन्हात त्यांना हल्ल्याच्या रोलवर आणि बघून हेरण्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज असतो. म्हणजे फासा दोनदा टाकून कमी आलेला आकडा धरायचा. हे नुसतं वाचून दाखवलं तर आकडा राहतो. तुम्ही नाशिकचेच असाल तर एकदा ग्रुपला घेऊन भर दुपारी पांडवलेण्यांवर जा. एखाद्या विहारातल्या आतल्या कोठडीत, त्या दगडी ओट्याशी पाच मिनिटं उभे राहा आणि मग एकदम बाहेर या. डोळे मिटतातच. आम्ही गेलो होतो. परतताना पायऱ्यांवर एकजण म्हणाला, "वर यायला यांना किती धीर लागत असेल." तो तोपर्यंत ड्युएरगरांना 'बुटके' म्हणायचा.

लढाई टाळा असं मी म्हणत नाही. लढाई हवीच, पण ती त्यांच्या स्वभावाची असावी. पाचव्या आवृत्तीतल्या साध्या ड्युएरगरकडे एसी १६ (घाव लागणं किती अवघड, त्याचा आकडा) आणि २६ हिट पॉइंट्स (किती मार सोसतो, त्याचा आकडा) असतात. त्यात विशेष काही नाही, समोरासमोर उभे केलेत तर मरणारच. त्यांची ताकद दोन गोष्टींत आहे. ते तासभर अदृश्य राहू शकतात, हल्ला केला की दिसतात. आणि मिनिटभर शरीर मोठं करू शकतात, तेव्हा वॉर पिकचा, म्हणजे टोकदार कुदळीसारख्या शस्त्राचा, एक डी-एटचा (आठ बाजूंच्या फाशाचा) घाव दोन डी-एटचा होतो. मात्र मोठं व्हायला घेतलं की अदृश्यपण संपतं. म्हणून त्यांना आधीपासून खोलीत असू द्या. खेळाडू बोलतायत, भांडतायत, बेत ठरवतायत, आणि ते ऐकतायत. ज्यांना मुक्काट्याने सहन करायची पिढ्यांची सवय आहे ते वाट बघू शकतात. मी तर एकदा पूर्ण सेशनभर दोघांना असं उभं ठेवलं (बरोबर तासाभराच्या हिशेबाने) आणि हल्ला केलाच नाही. पुढच्या वेळी शत्रूला सगळा बेत माहीत होता.

खेळाडूंनाही वाट ठेवा. जागा पुरेशी नसेल तर ड्युएरगर पूर्ण मोठा होऊ शकत नाही, जेवढं मावेल तेवढाच वाढतो. आमच्या पोरांनी हे हेरलं. पंचवटीतल्या सीता गुंफेत लहानपणी सगळेच वाकून, एकामागून एक उतरलेले, त्यामुळे "इथे सीता गुंफेएवढीच वाट आहे" म्हटल्यावर लगेच ओढलं शत्रूला आत.

आता तुमचा मूळ मुद्दा, आख्खी जमात दुष्ट असू शकते का. मला हे कधीच पटलं नाही. ज्यांनी हा खेळ काढला त्यांच्या वारसदारांनीही जून २०२० मध्ये जाहीर सांगितलं की ऑर्क आणि ड्राऊ या खेळात आजवर दुष्ट ठरवलेल्या जमाती इतर माणसांइतक्याच गुंतागुंतीच्या दाखवायच्या. आपण तर त्याच्या कितीतरी आधीपासून पाडव्याला "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो" म्हणतो. तो बळी पाताळात ढकललेला राजा, दैत्य कुळातला, आणि आपल्या आया-आज्या त्याचंच राज्य मागतात. खाली राहतो तो वाईट, हे आपल्या घरात कोणी शिकवलेलं नाही. पण म्हणून ड्युएरगरांना गोड करू नका. ते माणसं पकडतात, राबवतात, विकतात. ज्यांना पकडलंय त्यांना चेहरे द्या, त्यांच्या हातावरचे घट्टे सांगा. नाहीतर जुलमाची कैफियत ऐकता ऐकता ज्यांच्यावर जुलूम चाललाय तेच विसरले जातात. मी एकदा ही चूक केली होती आणि सोडवलेल्या कैद्यांची नावंसुद्धा ठरवली नव्हती.

नावावरून एक आठवलं. 'ड्युएरगर' हा शब्द इंग्लंडच्या उत्तरेकडच्या नॉर्थम्बरलंडमधल्या लोककथांतला. तिथल्या सायमनसाइड टेकड्यांवरचे हे बुटके रात्री वाटसरूंना वाट चुकवतात असं सांगतात. आपल्या चकव्याचे सख्खे भाऊ. गावाकडे चकवा लागलेला कोणी तुमच्या ग्रुपमध्ये असेल तर त्याला तो किस्सा सेशनच्या सुरुवातीला सांगायला लावा.

आणि पोरं. भाचीच्या प्रश्नाचं उत्तर मी असं दिलं: कोठारामागे एक लांब दालन, तिथे सात-आठ वर्षांची ड्युएरगर पोरं खनिज निवडत बसलेली, चांगला दगड उजवीकडे, फुकट गेलेला डावीकडे. बोलत कोणी नाही. भाचीच्या कॅरेक्टरने कंदील खाली ठेवला आणि आपल्या भांड्यावरचं नाव एका मुलीला दाखवलं. ती मुलगी उजेडाने डोळे चोळत बराच वेळ त्यावर बोट फिरवत राहिली. मग तिने विचारलं, "हे काढायला किती वेळ गेला?" भाची म्हणाली, "अर्धा दिवस." मुलगी म्हणाली, "आणि कोणी मारलं नाही?"

ती मुलगी आता आमच्या ग्रुपबरोबर आहे. नाव अजून ठरलेलं नाही, भाची म्हणते तिचं तीच ठरवेल.