ताट लहानच आहे, हाताच्या फेऱ्या मोजा

ताई, तुमची माहिती अशी दिसते: राहायला इचलकरंजी, उंची १५८ सेंटिमीटर, दोन वर्षांपूर्वी स्लीव्ह (वजन उतरवायला पोट कापून नळीसारखं अरुंद करायचं ऑपरेशन), वजन ११० किलोवरून ६९ वर आलं आणि आता काटा ७३ दाखवतोय. तक्त्यात तुमच्या उंचीसमोर ५७ लिहिलंय, तिथं पोचायच्या आधीच गाडी उलटी फिरली, पोट परत ताणलं का आणि वजन उतरवायचं ते इंजेक्शन घ्यावं का, असं विचारलंय. माझा बायपास, हृदयाचा नव्हे, वजनासाठीचा पोटाचा, तुमच्या बराच आधीचा. घर कोल्हापुरात, काम उद्यमनगरात, म्हणजे खाण्याचं वातावरण तुमचं-माझं एकच. मी डॉक्टर नाही. जे पाळतो आणि आमच्या आहारतज्ज्ञ मॅडमनी वेळोवेळी बजावलंय तेच सांगतो.

आधी ते ५७ डोक्यातून काढा. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) २३ ही निरोगी वजनाची वरची हद्द धरतात आणि तुमच्या उंचीला तिचे ५७ किलो होतात. पण हा आकडा कधी ११० न झालेल्या माणसाचा. स्लीव्हनंतर साधारणपणे मूळ वजनाच्या २५ ते ३० टक्के वजन उतरतं. तुमच्या बाबतीत ते ७७ ते ८२ होतं. तुम्ही आज ७३ वर आहात, म्हणजे तिसरा हिस्सा उतरवून बसलाय. शिवाय सुटलेल्या कातडीचंही वजन त्या काट्यावर येतंच. सगळ्यात कमी वजन वर्ष-दीड वर्षात, फार तर दोन वर्षांत येतं आणि तिथून दोन-चार किलो वर सरकून शरीर स्थिरावतं. बहुतेकांचं असंच होतं. त्यामुळं एका आकड्याऐवजी पट्टा धरा. मी तुमच्या जागी असतो तर ६८ ते ७३ धरला असता आणि वरची रेघ ओलांडली की त्याच आठवड्यात हालचाल केली असती. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. रोज चढाल तर पाण्याच्या चढ-उतारानं झोप उडेल. आणि दोन महिने काट्याकडं फिरकलाच नाहीत, तर चाराचे आठ कधी झाले ते कळणार नाही.

आता पोट ताणल्याचं. थोडं सैल सगळ्यांचंच होतं, पहिल्या महिन्यासारखं चार चमच्यांत भरणं कायम राहत नाही. घरी एक करून बघा. भुकेच्या वेळी, पाणी न पिता, कोरडं चिकन किंवा पनीर नीट चावून खा. वाटीभर खाऊन हात थांबला तर पोट त्याचं काम करतंय, वजन दुसऱ्या वाटेनं येतंय.

ती दुसरी वाट आपल्या भागात फार रुंद आहे. ऑपरेशननं एका वेळेचं ताट लहान केलं, दिवसभरात हात तोंडाकडं किती वेळा जातो त्यावर काही बंधन घातलं नाही. जे मऊ, पातळ किंवा तोंडात विरघळणारं आहे ते त्या अरुंद पोटात थांबत नाही, सरळ खाली उतरतं. पोट भरल्याची खूण येतच नाही. आता आपलं मटणाचं ताट बघा. फोडी चिवट असतात, घाईत खाल्लं की घास अडकतो, छातीत दुखतं. म्हणून माणूस फोडी बाजूला सारतो आणि पांढऱ्या रश्श्याच्या वाट्या रिचवतो. वाढपी तर विचारायच्या आधीच वाटी भरतो. नेमकं उलटं झालं की! पांढऱ्यात नारळाचं दूध, वर काजू-खसखस, तांबड्यात तेलाचा तवंग. प्रोटीन सगळं फोडीत राहिलं आणि ती ताटात पडून. मी आधी फोडी खातो, मऊ शिजवलेल्या, अळणी असेल तर उत्तमच, घास नखाएवढा. घरी असेल तर खिमा, तो बाधत नाही. रस्सा चवीपुरता, एक वाटी, शेवटी. आखाड असो, म्हाई असो की जत्रा, हा क्रम मी बदलत नाही. पाहुण्यांना वाटतं माणूस रुसलाय. वाटू दे.

भडंगाचंही तेच. चुरमुरे हलके म्हणून माणूस बिनधास्त असतो, पण त्यात तेल आणि शेंगदाणे आहेत आणि ते पोटात बसतच नाहीत, टीव्हीसमोर तास दोन तास मूठ चालूच. चहाबरोबर बुडवलेलं बिस्किट, खारी, आइस्क्रीम, उसाचा रस हे सगळे त्याच घरातले. काकवीचं तर मला भय आहे. गुऱ्हाळात आग्रहानं दोन चमचे जास्त झाली की घाम फुटतो, छाती धडधडते. बायपासवाल्यांना हे जास्त होतं, पण स्लीव्हवाल्यांनाही गोडानंतर तासा-दोन तासांनी साखर खाली येऊन हात थरथरू शकतात. मग ती थरथर थांबवायला परत गोड, आणि चक्र सुरू.

तुम्ही लिहिलंय की रात्री जळजळ होते म्हणून ग्लासभर दूध घेता. माझा संशय इथंच जास्त आहे. स्लीव्हनंतर ॲसिड वर येणं बऱ्याच जणांना होतं, आणि म्हशीच्या एका मोठ्या ग्लासात अडीचशेच्या आसपास कॅलरी असतात. गंगावेशीत धारोष्ण दूध पिऊन तालमीत जाणाऱ्या पैलवानाचं गणित वेगळं, तो ते घामात काढतो. जळजळीवर डॉक्टरांकडून औषध घ्या, रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी उरका आणि त्या दुधाचं दही लावून दिवसा खा.

प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम लागतं. दोन अंडी म्हणजे १२, वाटीभर मटकीची उसळ ७-८, शंभर ग्रॅम पनीर १८ च्या आसपास, शिजलेलं शंभर ग्रॅम चिकन २५ च्या पुढं. एवढ्यात साठ भरले, पण ते तीन-चार वेळांत विभागून आणि प्रत्येक वेळी ताटातलं पहिलं म्हणून. भाकरी नंतर, चतकोर. मिसळ सोडायची गरज नाही: मटकी जादा, कट बेतानं, फरसाण नको म्हणून सांगायचं आणि ब्रेडची बशी शेजारच्याकडं सरकवायची. पाणी जेवणाबरोबर नको, जेवणानंतर अर्धा तास थांबून. घोटाघोटानं अन्न खाली ढकलत जेवलात तर दुप्पट जाईल.

सासूबाई म्हणतात “वाळून गेलीस, खा गं जरा”. त्यांच्याशी वाद घालू नका, घासाला नाही म्हणायचा दुसरा मार्ग शोधा. आमच्याकडं माझं ताट मी स्वतः वाढून घेतो, कुणाला वाढू देत नाही. भांडण मिटलं.

चालणं चालू आहे म्हणता, चांगलं आहे. वजन राखायला आठवड्याला दोनशे ते तीनशे मिनिटं तरी हवीत, दीडशेवर भागत नाही. पण नुसतं चालून पुरत नाही. वजन झपाट्यानं उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि शरीर आधीपेक्षा कमी जाळायला लागतं. आठवड्यातून दोन-तीनदा जोर लावणारं काहीतरी करा. तालमीच्या मुलखात बैठका कुणी शिकवायची गरज नाही. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला टेकून जोर, हातात पाण्याच्या बाटल्या. आणि रंकाळ्याची फेरी मारून चौपाटीवर भेळ खाणाऱ्या मंडळींत सामील होऊ नका, मी दर रविवारी ती गर्दी बघतो.

गोळ्या बंद केल्यात हे मात्र वाचून राग आला. बी-१२, लोह, डी आणि कॅल्शियम जन्मभर. कॅल्शियम सायट्रेट घ्या, दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून, आणि लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. लोह चहाबरोबर नको. वर्षाला एकदा रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, डी, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं संप्रेरक). थकव्यालाच भूक समजून खाणारे बरेच असतात. अंगदुखीची गोळी दुकानातून आपल्या मनानं घेऊ नका, या पोटाला त्यातल्या बऱ्याच गोळ्या अल्सर करतात. सतत उलट्या होत असतील तर थांबू नका, बी-१ घटलं की नसांवर जातं.

इंजेक्शनचं: सेमाग्लुटाईड आणि टिर्झेपॅटाईड ही दोन्ही २०२५ पासून आपल्याकडं वजनासाठीही मिळतात, आणि ऑपरेशननंतर वजन परत वाढलेल्यांना डॉक्टर ती देतातही. उपयोग होतो. पण बंद केलं की बहुतेकांचं वजन परतू लागतं, आणि भूक मेल्यावर प्रोटीनकडं दुर्लक्ष झालं तर आहेत ते स्नायूही जातील. चार किलोसाठी मी आत्ता घेणार नाही. आधी आठ दिवस तोंडात जाईल ते सगळं वहीत लिहा, वेळेसकट, चहाचा कपही सोडू नका. ती वही आणि रक्ताचा रिपोर्ट घेऊन तुमच्या सर्जनकडं जा. ७३ चे ७८ झाले, किंवा साखर-बीपी परत चढायला लागलं, तर मग इंजेक्शनचा विषय त्यांनाच काढू दे. वहीत रात्री दहानंतर काय काय निघालं ते मलाही कळवा.